एक मलिदा बाकी

आईच्या हिशेबाच्या वहीत, दूध आणि रॉकेल संपल्यावर,
शेवटच्या पानावर पेन्सिलीनं:
एक मलिदा बाकी.
तारीख नाही. कशासाठी, तेही नाही.

पोस्टमनचे चार आणे राहिले तर
ओल्या हातानं आळीच्या टोकापर्यंत धावणारी बाई,
आणि हे एवढं उधार, एलियाहू हन्नाबीचं,
अकरा वर्षं कपाटात, तिच्यामागे.

मग रविवार ठरला.
अश्दोदहून बेनी येतोय तोवरच.
पोहे दोन किलो. जाड की पातळ,
यावर फ्लोरामावशीशी फोनवर वीस मिनिटं.
(पातळ्याचा लगदा होतो. जाड.)
नारळ सात. गूळ. वेलची घरची.
फळं पाच जातींची, जांभळी नाक्यावरून.
फळवाला म्हणाला, पूजा का?
म्हटलं, मलिदा आहे.
हसला. कोणी खाल्ला, ताई? कुठल्या कंत्राटात?

पुरुष दहा हवेत.
बेनी, आमचे हे, मुलुंडचे दोघे भाऊ,
योनातान, मार्चमध्ये तेरा झाला, चालतो,
हाझान धरून नऊ.
बायका सतरा येणार होतो, त्या मोजत नाहीत.
शेवटी कळव्याच्या सॉलोमनकाकांना विचारलं.
म्हणाले, डायलिसिस सोमवारी असतं,
रविवारी मी अख्खा माणूस आहे.

शनिवारी तारे दिसल्यावर पोहे निवडायला बसलो.
सकाळी मटण, हिरव्या वाटणाचं, नारळाच्या दुधात,
दह्याला हात नाही.
आणि शेजारच्या गायकरकाकू बासुंदी घेऊन दारात.
चाळीस वर्षं त्यांना माहीत आहे
मटणाच्या पंगतीत आमच्याकडे दूध नसतं.
चाळीस वर्षं आणतात.
फ्रिजात ठेवली. उद्याला.

खोबरं खवताना बेनी म्हणाला, माझ्या काविळीचा असेल.
मी म्हटलं, बाबांच्या कंपनीचा,
वागळे इस्टेटला टाळं लागलं तेव्हाचा.
पण टाळं तर लागलंच.
न फळलेल्या नवसाची बाकी कशी राहील?

मावशी गूळ किसत होती.
मान वर न करता म्हणाली,
तुझ्याआधी एक झाली होती. सहा दिवसांची.
मग तू.
विळीवर बेनीचा हात थांबला.
त्रेपन्न वर्षांत हे मला
कुणी सांगितलं नव्हतं.
तो असेल का गं, मी विचारलं.
छे, तो तेव्हाच फेडला, बारशाला.
वेलची मीच कुटली होती.
आणि किसणी आपटून तळाचा गूळ पाडला.

परातीत पोह्यांचा डोंगर, भोवती फळं,
वर गुलाबाच्या पाकळ्या, सब्जाची एक काडी.
केळ्याचा बरोखा वेगळा,
ते झाडाचं फळ धरत नाहीत.
योनातानला हे अजून पटलेलं नाही.
हाझाननी टोपी सारखी केली. विचारलं,
कशाप्रीत्यर्थ?
सत्तावीस माणसं माझ्याकडे बघत.
कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बंद केला.
म्हटलं, आईचं होतं. राहिलं होतं.
ते थोडा वेळ थांबले, मला वाटतं पुढचं ऐकायला.
मग सुरू केलं.

सॉलोमनकाकांनी दोनदा रस्सा मागून घेतला,
पथ्य मोडून. मी वाढला.

रात्री वही काढली, काट मारावी म्हणून.
पेन्सिल पुसट झाली होती,
बोटानंच गेली असती.
बंद केली.
सोमवारी उठून बासुंदी खाल्ली सगळ्यांनी, उभ्याउभ्या.
पातेलं घासलं.
रिकामं परत देत नाहीत.
फ्रिजातला मलिदा त्यात काढला, वरून थोडं ओलं खोबरं,
आणि काकूंची बेल वाजवली.